टाळेबंदीच्या आधीचे अंतर

'होमबाउंड' हा चित्रपट मुळात करोनाकाळातल्या टाळेबंदीचा आहे, या मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. दिग्दर्शक नीरज घेवान यांनी दलित चंदन आणि मुस्लिम शोएब यांची मैत्री रंगवताना, जात लपवून खुल्या प्रवर्गातून अर्ज भरणारा एक आणि ज्याने भरलेली पाण्याची बाटली कार्यालयात नाकारली जाते तो दुसरा, हे इतक्या सावकाश दाखवले आहे की २०२० चा मार्च येईपर्यंत या दोघांना समाजाने किती दूर ठेवले आहे, ते आपल्याला पुरते कळलेले असते. चंदनच्या आईच्या भेगाळलेल्या टाचा तर डोळ्यांपुढून हलत नाहीत.

त्या मे महिन्यात आमच्या मुलुंडच्या इमारतीसमोरून उत्तर प्रदेशातल्या आपल्या गावी निघालेली माणसे नाशिकच्या दिशेने चालत जात होती. तुटलेल्या चपलेला सुतळी बांधलेल्या एका मुलाने फाटकापाशी पाणी मागितले, तेव्हा आमच्या रखवालदाराने (तोही उत्तर प्रदेशचाच) नियमावर बोट ठेवून त्याला पुढे जायला सांगितले आणि आम्ही सगळे गच्चीतून नुसते पाहत राहिलो. चित्रपटात टाळेबंदीत गावी परतताना शोएब आजारी चंदनला खांद्यावर घेतो, तेव्हा मला तो मुलगा आठवला.