रायन ग्रब अलाबामात: औषध की जुनाच काढा?

टस्कलूसाकर (फेब्रुवारी 2025)
झालं एकदाचं. अलाबामा विद्यापीठाच्या, म्हणजे आपल्या, अमेरिकन फुटबॉल संघाचा हेड कोच केलन डिबोरने रायन ग्रबला ओसी, म्हणजे ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (चढाईचे डाव ठरवणारा कोच) म्हणून आणलं. इथे सगळे पेढे वाटायच्या बेतात आहेत, मी नाही. गेल्या मोसमात आपण 9-4, म्हणजे नऊ जिंकलो, चार हरलो. व्हँडरबिल्टने 40-35 हरवलं, ज्यांच्याकडून 1984 नंतर हरलोच नव्हतो. ओक्लाहोमात 24-3, एक टचडाउन नाही. प्लेऑफ 12 संघांचं केलं तरी आपण बाहेर, आणि 31 डिसेंबरला मिशिगनकडून 19-13 खाऊन वर्ष संपवलं. एवढं झाल्यावर वेगळ्या डोक्याचा माणूस शोधायचा, की सिअ‍ॅटल सीहॉक्स या व्यावसायिक संघाने एकाच मोसमात नारळ दिलेला जुना मित्र घ्यायचा? सू फॉल्स, ईस्टर्न मिशिगन, फ्रेझ्नो, वॉशिंग्टन ही सगळी कॉलेजं... जिथे डिबोर तिथे ग्रब. ही नेमणूक आहे की वऱ्हाड?

हंट्सव्हिलकर
नारळाचं एवढं काय? सार्किसियन या ओसीलाही अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक संघाने 2018 च्या मोसमानंतर काढलंच होतं. आपला तेव्हाचा हेड कोच सेबनने उचलला, आणि 2020 मध्ये 13-0, विजेतेपद, डेव्होंटा स्मिथला हाइजमन, म्हणजे सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार. व्यावसायिक संघाने काढलेला माणूस कॉलेजात नापासच, असं कुठे लिहिलंय?

टस्कलूसाकर
तेव्हा वर सेबन होता हो! 2017 च्या जानेवारीत, अंतिम सामना आठवड्यावर आलेला असताना त्याने आपला ओसी किफिनला घरी पाठवलं. डिबोर आपल्या जिवलग मित्राला असा पाठवेल? माझा मुद्दा तोच आहे.

हंट्सव्हिलकर
आणि तो अंतिम सामना क्लेमसनकडून 35-31 हरलो, हेही सांगा की.

नवखा_प्रेक्षक
मध्येच विचारतो, रागावू नका. मागच्या ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला आलो, खेळ अजून अर्धाच कळतो. डिबोर स्वतःच ऑफेन्सवाला म्हणतात ना? मग ओसी करतो काय?

हंट्सव्हिलकर
रागवायचं काय त्यात. असं समज, प्रत्येक चेंडूआधी कोणीतरी फलंदाजाला सांगतंय की हा पुढे येऊन मार, हा सोड. एक प्ले संपला की 40 सेकंदांचं घड्याळ सुरू होतं. तेवढ्यात पुढचा प्ले निवडून क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे मैदानात चेंडू फेकून चढाई चालवणाऱ्या खेळाडूपर्यंत, पोचवायचा. 2024 पासून मोठ्या कॉलेजांना हेल्मेटमध्ये रेडिओ चालतो, तोही 15 सेकंद उरले की बंद. हेड कोचला दंड, टाइमआउट, बचाव, सगळंच बघायचं असतं, म्हणून हे काम दुसऱ्याच्या हाती. गेल्या वर्षी निक शेरिडन करायचा. आता तो फक्त क्वार्टरबॅकना शिकवणार.

टस्कलूसाकर
वर त्याला को-ओसी, म्हणजे सह-ओसी, हे पदही आहेच! चुलीपाशी दोन आचारी, आणि भाजी करपली की कोणी करपवली ते कळायचं नाही.

सिअ‍ॅटलची मावशी
मी तुमच्यापैकी कोणाचीच नाही. पण ग्रबला इथे तीन वर्षं बघितलंय, दोन वर्षं वॉशिंग्टन विद्यापीठात आणि एक सीहॉक्सकडे, म्हणून बोलते.

2023 चं वॉशिंग्टन म्हणजे मेजवानी होती. क्वार्टरबॅक पेनिक्सचे पासचे 4,903 यार्ड, संघ 14-1, फक्त शेवटी मिशिगनने 34-13 उतरवलं. सगळे डावखुऱ्या पेनिक्सची आणि पास झेलणाऱ्या ओडुंझे, पोक, मॅकमिलन या तिघांची नावं घेतात. चौघांनाही ड्राफ्टमध्ये व्यावसायिक संघांनी निवडलं, त्यामुळे साहजिक आहे. पण त्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनचा, म्हणजे क्वार्टरबॅकसमोर भिंत करणाऱ्या पाच जणांचा, 'जो मूर' पुरस्कारही आम्हालाच होता, तो कोणाला आठवत नाही. पेनिक्सला चेंडू हातात घेऊन विचार करायला वेळ मिळायचा. ग्रबचे लांब पास त्या वेळेवर उभे होते.

पुढच्याच वर्षी तोच ग्रब सीहॉक्सकडे. लाइन कच्ची. क्वार्टरबॅक जीनो स्मिथला मोसमात 50 वेळा पाडलं. तरी याचा पासचा सोस सुटेना, आणि चेंडू घेऊन धावण्यात तर संघ जवळजवळ तळाशी. आमचे अहो टीव्हीसमोर ओरडायचे, 'अरे, धाव की एकदा!' संघ 10-7 झाला, प्लेऑफ हुकला आणि ग्रबची नोकरी गेली.

म्हणून मैत्रीवरून भांडू नका. तुमची लाइन कशी आहे ते सांगा.

टस्कलूसाकर
मावशी, तुम्ही माझ्याच बाजूने बोललात!

सिअ‍ॅटलची मावशी
नाही हो. लाइन धड असेल तर तुम्ही पेढे वाटा, मीच पैसे देते.

हंट्सव्हिलकर
डावीकडे प्रॉक्टर आहे, तिथे भिंत आहे. उजवीकडे काय होईल ते स्प्रिंगच्या सरावात कळेल. बाकी माल भरपूर आहे. जॉर्जियाला आपण 28-0 ने मागे टाकलं होतं, तो याच पोरांचा ऑफेन्स. पास झेलणारा रायन विल्यम्स तेव्हा 17 वर्षांचा! खोट सातत्यात होती.

टस्कलूसाकर
त्याच सामन्यात शेवटी 41-34 ने जीव वाचला, आणि पुढच्याच शनिवारी व्हँडरबिल्ट. शिवाय तुम्ही गेल्या मोसमाचा क्वार्टरबॅक मिल्रोला विसरताय. त्याने पळून 20 टचडाउन केले. प्ले फसला की तो पायांनी निभावून न्यायचा. तो आता गेला. उरलेल्या क्वार्टरबॅकपैकी टाय सिम्पसनने कॉलेजात एकही सामना सुरू केलेला नाही, ऑस्टिन मॅकनेही नाही, आणि कीलन रसेल तर नुकता हायस्कूल संपवून आलाय.

हंट्सव्हिलकर
उलट तीच जमेची बाजू. मिल्रोसाठी खेळ बदलावा लागत होता. मॅक तर वॉशिंग्टनहूनच आलाय, ग्रबची वही त्याने आधी वाचलीय. सिम्पसन तीन वर्षं बाकावर बसून शिकलाय. आता चेंडू वेळेवर सुटेल. वेळेवर सुटला की लाइनचीही अब्रू वाचते.

सिअ‍ॅटलची मावशी
हे पटलं. जीनो चेंडू फार वेळ धरायचा, हेही खरं.

टस्कलूसाकर
बघू. 30 ऑगस्टला टॅलाहॅसीत फ्लोरिडा स्टेट. गेल्या वर्षी ते 2-10 होते. निदान त्या सामन्याची तरी मला काळजी नाही.

ऑबर्नचा पाहुणा
इतका वेळ गप्प वाचत होतो. फ्लोरिडा स्टेटनेही नवा ओसी घेतलाय, माहीत आहे ना? गस मॅल्झान. आमच्या ऑबर्नचा, म्हणजे तुमच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याचा, हेड कोच असताना त्याने तुम्हाला तीनदा हरवलंय, 2013 मध्ये शेवटच्या सेकंदाला तुमची हुकलेली किक झेलून आम्ही मैदानभर पळवत टचडाउन केलं, ते धरून.

टस्कलूसाकर
तुला इथे कोणी बोलावलं?