व्हीली शिकताना पुढचे चाक दाणकन आदळते, काय करावे?

सातपूरकर:
मी नाशिकमध्ये सातपूर भागात राहतो आणि माझ्या पल्सर १५० वर व्हीली (पुढचे चाक उचलून फक्त मागच्या चाकावर गाडी चालवणे) शिकण्याचा प्रयत्न करीत आहे. पहिल्या गिअरमध्ये नुसती रेस वाढवून पुढचे चाक उचलले जात नाही. क्लच सोडून उचलले तर ते वीतभर वर येताच भीतीने माझ्याकडून रेस एकदम बंद होते आणि चाक दाणकन खाली आदळते. चाक वर टिकवण्यासाठी नेमके काय करावे? याने गाडीचे कितपत नुकसान होते? एमआयडीसीतील आतले रस्ते सुट्टीच्या दिवशी मोकळे असतात, तेथे सराव केलेला चालेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मुरूम-माती:
चाक वर टिकवण्याचा प्रश्न नंतरचा आहे; आधी ते हवे तेव्हा खाली आणता आले पाहिजे, आणि ते काम मागचा ब्रेक करतो. मागच्या चाकावर ब्रेक लागला की जमिनीलगत मागे खेचणारे बल निर्माण होते, आणि गाडीचा गुरुत्वमध्य त्याच्या बराच वर असल्यामुळे गाडीचे नाक खाली झुकते. म्हणून उजव्या पायाचा चवडा सतत ब्रेकच्या पेडलवर असावा. सुरुवातीला चाक जेमतेम उचलावे आणि प्रत्येक वेळी ते ब्रेकनेच खाली आणावे. पाय विचार न करता दाबला जाऊ लागेपर्यंत उंची वाढवू नये. आपली भीती अस्थानी नाही, कारण गाडी मागे उलटू लागली तर तिला परत आणणारे दुसरे खात्रीचे साधन आपल्याजवळ नसते.

नुसत्या रेसने चाक का उचलले जात नाही, याचे उत्तर सोपे आहे. गाडी व स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या बराच पुढे असतो, त्यामुळे चाक उचलण्यासाठी फार मोठा वेग-बदल लागतो आणि सुमारे १४ पीएस (अश्वशक्ती) ताकदीच्या इंजिनाकडून तो एकट्या रेसवर मिळत नाही. क्लच दोन बोटांनी किंचित दाबून, रेस वाढवून, चटकन सोडला तर फिरत्या इंजिनात साठलेली ऊर्जा एका झटक्यात मागच्या चाकापर्यंत पोहोचते. सीटवर थोडे मागे बसावे, हात ताठ करू नयेत आणि हँडल ओढून चाक उचलण्याचा प्रयत्न करू नये. चाक वर जाऊ लागले की रेस बंद न करता हळूहळू कमी करावी. एकत्रित गुरुत्वमध्य मागचे चाक जिथे टेकते त्याच्या बरोबर वर आला की गाडी तोलाच्या बिंदूवर येते. तोवर वर राहण्यासाठी रेस लागते, त्यापलीकडे गेल्यास ब्रेक. खाली येताना थोडी रेस चालू ठेवावी, चाक सरळ धरावे आणि पुढचा ब्रेक मोकळा सोडावा. आपली गाडी आदळते ती रेस एकदम बंद केल्याने, कारण मग इंजिनच ब्रेकसारखे वागते.

कागदपत्रे जवळ ठेवा:
एमआयडीसीचे रस्ते कृपया विसरा. मोटार वाहन कायद्यात ज्या रस्त्यावर लोकांना जाण्याचा हक्क आहे तो सार्वजनिक ठिकाणच मानला जातो, मग तो सुट्टीला कितीही ओस असो. कलम १८४ नुसार धोकादायक रीतीने वाहन चालवण्याच्या पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा १००० ते ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गंगापूर धरणाकडचा रस्ता आणि त्र्यंबक रस्ता यांचे नावही काढू नये. सुट्टीला तेथे सहकुटुंब आलेल्या लोकांची गर्दी असते. कोणाच्या मालकीचा सपाट, मुरमाचा प्लॉट परवानगीने मिळाला तर तोच बरा. दगड वेचून काढावेत, फुल-फेस हेल्मेट, हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड घालावेत, आणि एकट्याने जाऊ नये.

गॅरेजवाला, पंचवटी:
नुकसानीबद्दल थोडक्यात सांगतो. सर्वांत आधी क्लच प्लेट झिजतात. चाक वारंवार आदळल्याने पुढच्या फोर्कचे ऑइल सील गळू लागतात आणि हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर वळते ते बेअरिंग) सैल पडतो. झटक्यांमुळे चेनसेट लवकर संपतो. चाक फार वेळ वर राहिले तर इंजिनातील तेल मागे सरकते आणि ऑइल पंपाला ते पुरेसे न मिळण्याची शक्यता असते, म्हणून तेलाची पातळी कमी असताना सराव अजिबात करू नये. एवढ्या खर्चाची तयारी नसेल तर रोजच्या वापराची गाडी यासाठी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सातपूरकर:
सर्वांचे आभार. माझ्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहे. तो पुरेसा आहे का, की डिस्क बसवावी?

मुरूम-माती:
ड्रम पुरेसा आहे. मात्र पेडल अर्धे खाली गेल्यावर ब्रेक लागत असेल तर उपयोग नाही, म्हणून मागच्या रॉडचा नट आवळून तो थोड्याच दाबावर लागेल असा करून घ्या. चाक स्टँडवर मोकळे फिरते याचीही खात्री करा. ब्रेकचे लायनर झिजलेले असतील तर आधी ते बदला. त्यानंतर दोन्ही चाके जमिनीवर असतानाच, हळू वेगात, फक्त चवड्याच्या दाबाने ब्रेक किती बारकाईने लागतो ते तपासा, आणि क्लचला त्यानंतरच हात लावा.