नो-लेटला मराठीत काय म्हणावं?

पार्लेकरीण
मदत हवी आहे, आणि जरा घाईने. आमच्या क्लबात टेनिसची दोनच कोर्ट आहेत आणि बारा वर्षांखालच्या मुलींच्या स्पर्धेला २४ नावं आली आहेत. एका रविवारात उरकायचं तर सहा गेमचे सेट परवडत नाहीत, म्हणून फास्ट-फोर पद्धत घेतली आहे. चार गेम जिंकले की सेट. ३-३ झालं की टायब्रेक, म्हणजे बरोबरी फोडणारा छोटा गेम, तोही पाच गुणांचा, आणि त्यात ४-४ झालं तर पुढचा एकच गुण निकाल लावतो. गेममध्ये चाळीस-चाळीस झालं की ॲडव्हांटेज नाही, म्हणजे लागोपाठ दोन गुण घ्यावे लागत नाहीत. तिथेही एकच गुण, आणि सर्व्हिस कुठल्या बाजूला घ्यायची ते घेणारी ठरवते. इथवर मराठीत नीट लिहून झालं.

अडलंय ते ‘नो-लेट’वर. सर्व्हिस जाळीला चाटून बरोबर चौकटीत पडली तर एरवी ‘लेट’ म्हणून ती पुन्हा मारतात. इथे पुन्हा नाही, खेळ चालू. गेल्या वर्षी मी पत्रकात सरळ ‘लेट नाही’ असं लिहिलं होतं. एका सामन्यात शेजारच्या कोर्टावरचा चेंडू घरंगळत आत आला, मुलगी हात वर करून थांबली, समोरचीने फटका मारून गुण घेतला. पंच म्हणून एक पालकच उभे होते, ते गोंधळले. तेवढ्यात समोरचीच्या वडिलांनी खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं आणि ‘लेट नाही’वर बोट ठेवलं. अक्षरशः बघितलं तर त्यांचं बरोबर होतं. पण मूळ नियमात रद्द होतो तो फक्त सर्व्हिस जाळीला लागल्याचा लेट. बाहेरून व्यत्यय आला तर गुण पुन्हा खेळायचाच असतो. ती मुलगी रॅकेट उराशी धरून बाकावर बसून राहिली, पाणीसुद्धा प्यायली नाही. चूक माझ्या दोन शब्दांची होती.

तर, नऊ वर्षांच्या मुलीला कळेल आणि पालकांना पळवाट मिळणार नाही असा शब्द सुचवा.

ठाणेकर
लेट म्हणजे ‘असू द्या’. लेट द बॉल बी प्लेड अगेन, त्याचंच आखूड रूप. त्यामुळे नो-लेट म्हणजे ‘पुन्हा नाही’. ‘जाळीला लागली तरी पुन्हा नाही’ लिहा, झालं.

माटुंगा पूर्व
ठाणेकर, अर्थ नेमका उलटा आहे. इंग्रजीत दोन वेगळे ‘लेट’ आहेत. एक ‘करू देणे’ आणि दुसरा जुना, ‘अडवणे’. उच्चार घासून घासून एक झाले. टेनिसमधला हा दुसरा, म्हणजे अडथळा.

पुरावा सगळ्यांच्या कपाटात आहे. आपला पासपोर्ट उघडा. राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते तिच्यात ‘विदाउट लेट ऑर हिंडरन्स’ हे शब्द आहेत, आणि वरच्या हिंदी मजकुरात त्याच जागी ‘बिना रोक-टोक’. म्हणजे लेटला ‘रोक’ हा प्रतिशब्द सरकारने केव्हाच देऊन ठेवलाय. मी म्हणेन, ‘बिनरोक सर्व्हिस’.

ठाणेकर
आत्ताच उघडून पाहिला. खरंच आहे. इतक्या वेळा इमिग्रेशनच्या रांगेत हातात धरून उभा राहिलो, कधी वाचलं नव्हतं.

निवृत्त उपसंपादक
बिनरोक कानाला फार गोड आहे, पण धोका सांगतो. क्रीडापानावर आम्ही ‘एस’ला वर्षानुवर्षं ‘बिनतोड सर्व्हिस’ लिहीत आलो. जिला तोड नाही ती बिनतोड. तोडीस तोड, तोडगा, सगळी एकाच घरातली भावंडं. आता बिनतोडच्या शेजारी बिनरोक आणून ठेवलात तर ऐकणारा दर वेळी अडखळेल. एकीत चेंडूला रॅकेट लागत नाही, दुसरीत जाळी लागते.

शिवाय बिनतोड सर्व्हिस हा शब्द टिकला तो अर्धा मराठी, अर्धा इंग्रजी असूनही. कुणी ‘बिनतोड सेवा’ केलं नाही, हे नशीब.

शुद्धलेखनप्रेमी
नशीब कसलं? सवयीचा भाग आहे. कबड्डीत चढाई, पकड, लोण. खो-खोत डाव, आणि बरोबरी झाली की लघुत्तम आक्रमण. हे शब्द कोर्टावरची पोरं रोज तोंडात घेतात ना? लघुत्तम आक्रमण म्हणताना कुणाची जीभ वळत नाही असं मी तरी पाहिलेलं नाही. टेनिस आलं की मात्र लगेच मराठीला पेलणार नाही म्हणायचं. ‘जाळीस्पर्श ग्राह्य’ लिहा. दोन शब्द, नेमका अर्थ, आणि शेजारच्या चेंडूचा प्रश्नच येत नाही.

निवृत्त उपसंपादक
नेमकेपणा मान्य. पण ‘ग्राह्य’ नऊ वर्षांच्या मुलीला?

शुद्धलेखनप्रेमी
शिकेल. शब्द समोर आलाच नाही तर कधी शिकणार?

गिरगावची
माझा अनुभव सांगते. लहानपणी चाळीच्या गच्चीवर बॅडमिंटन खेळायचो, जाळी म्हणून साडी बांधलेली. शटल साडीला अडकून पलीकडे पडलं की आम्ही ‘पुन्हा’सुद्धा म्हणत नसू, नुसतं ‘रे रे’ असं ओरडायचो आणि सर्व्हिस परत. खेळातला शब्द धापा टाकताना ओरडता आला पाहिजे. ‘जाळीस्पर्श ग्राह्य’ ओरडून दाखवा बरं.

दुसरं, पार्लेकरीणताई, तुमच्या पत्रकात चाळीस-चाळीसला ‘ड्यूस’ म्हटलंय का? म्हटलं असेल तर काढा. आमच्याकडे पाहुणा आलेला नागपूरचा भाचा ड्यूस म्हटलं की क्रिकेटचा लेदर बॉल समजतो. आपण मुंबईत सीझन बॉल म्हणतो तो.

माटुंगा पूर्व
ड्यूस काढण्याचं कारण त्याहून मोठं आहे. तो फ्रेंच ‘आ दू’वरून आला, म्हणजे ‘दोन’. गेम घ्यायला अजून लागोपाठ दोन गुण हवेत, हा त्याचा अर्थ. फास्ट-फोरमध्ये चाळीस-चाळीसला एकच गुण लागतो! शब्द शिल्लक राहिला, त्यातला दोन निघून गेला. म्हणून मी तिथे ‘निर्णायक गुण’ हेच लिहीन.

ठाणेकर
पत्त्यातली दुरी इंग्रजीत ड्यूसच ना? मग ‘दुरी’ का नको? एक्का, दुरी, तिरी सगळ्यांना येतात.

माटुंगा पूर्व
कुळ एकच आहे, पण दुरी म्हणजे सगळ्यात हलकं पान. चाळीस-चाळीस हा गेममधला सगळ्यात जड क्षण.

निवृत्त उपसंपादक
ताईंच्या टायब्रेकबद्दल राहिलं. ४-४ वर एक गुण, ही ऑस्ट्रेलियाची नवी कल्पना नाही. फेडरर आणि ह्यूइट जानेवारी २०१५ मध्ये सिडनीला फास्ट-फोरचा प्रदर्शनी सामना खेळले, तेव्हा हे प्रकार नवे म्हणून गाजले खरे. पण जेम्स व्हॅन ॲलन यांचा नऊ गुणांचा टायब्रेक यूएस ओपनमध्ये १९७० सालीच आला होता. पाच गुण आधी करेल तो जिंकला, ४-४ झालं की पुढचा गुण दोघांनाही शेवटचा. त्याला म्हणत ‘सडन डेथ’, आणि तो चालू असलेल्या कोर्टावर लाल झेंडा लावत. कृपा करून याचं ‘आकस्मिक मृत्यू’ करू नका. मी एका पत्रकात छापलेलं पाहिलंय, मुलांच्याच स्पर्धेच्या. फुटबॉलमध्ये आपण ‘बरोबरीची कोंडी फोडली’ लिहितो, तसं ‘कोंडीचा गुण’ म्हणता येईल.

शुद्धलेखनप्रेमी
कोंडीचा गुण उत्तम! हा मी उचलतो.

पण मूळ मुद्दा मला खटकतोय. हे झटपट सामन्यांचं लोण टेनिसपर्यंत यायलाच नको होतं. इस्नर आणि माहू २०१० साली विम्बल्डनला तीन दिवस खेळले, ११ तास ५ मिनिटं, शेवटचा सेट ७०-६८. मागे हटायचं नाही, हेच तर टेनिस.

पार्लेकरीण
शुद्धलेखनप्रेमी, माझ्याकडे दोन कोर्ट आणि एक रविवार आहे. दुपारी दोनच्या उन्हात दहा वर्षांच्या मुलीला ७०-६८ खेळवणार नाही मी.

‘कोंडीचा गुण’ मीही घेते. जाळीचं अजून अडलेलंच आहे. सध्या असं लिहिलंय: “सर्व्हिस जाळीला लागून चौकटीत पडली तर खेळ चालू. दुसऱ्या कोर्टावरचा चेंडू आत आला तर थांबा, गुण पुन्हा.” दोन वाक्यं झाली, शब्द काही मिळाला नाही.

गिरगावची
वाक्यंच छान आहेत. राहू देत.

वरळीकर
सगळं वाचलं. एक विचारतो. परके शब्द खेळात नकोत म्हणता, मग विटीदांडूचं काय? वकट, लेंड, मूंड, नाल. आमच्या घरी तेलुगू बोलतात, पणजोबा गिरणीत कामाला म्हणून मुंबईत आले. शाळेत पहिल्यांदा मराठी मुलांबरोबर विटीदांडू खेळलो तेव्हा मी चक्रावलोच, कारण ही मुलं घरच्या भाषेत आकडे मोजत होती! ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एक, दोन, तीन, चार. त्यांना सांगितलं तर विश्वास बसेना. त्यांच्या मते ती विटी मारण्याची नावं होती, आकडे नव्हेच. पायावर विटी ठेवून उडवली की वकट, बस.

निवृत्त उपसंपादक
वा! म्हणजे वकट हे आपलं टेनिसमधल्या पहिल्या गुणाचं ‘फिफ्टीन’.

शुद्धलेखनप्रेमी
ते शब्द मराठीने पचवलेत. लेंडला कुणी रेंडु म्हणत नाही. लेट कुठे पचलाय? तो ‘उशीर’ या अर्थाने आधीच मराठीत येऊन बसलाय, लोकल रोज लेट असते. त्यामुळे दुसऱ्या लेटला जागाच नाही.

ठाणेकर
हे पटलं. मुलांना ‘नो-लेट’ म्हणजे वेळेवर या असंच वाटणार.

गिरगावची
वरळीकर, नालच्या पुढे तुमच्याकडे काय म्हणायचे? आमच्या वाडीत एक म्हणायचे आणि पलीकडच्या ठाकूरद्वारला दुसरंच, त्यावरून भांडणं व्हायची. मला आता ते दोन्ही आठवत नाहीयेत, आणि काल रात्रीपासून डोक्यातून जात नाहीये.

वरळीकर
तेलुगूत पाच म्हणजे ऐदु, सहा आरु. ‘आर’ ऐकल्याचं आठवतंय, पण तो पाचव्या फटक्याला की सहाव्या, तिथेच माझं आणि भावाचं अडतं. आजीला फोन लावतो.