छोट्या प्रकाशकाच्या पुस्तकातल्या चुका रिव्ह्यूत लिहाव्यात का?

मुक्काम_हैदराबाद:
मी मुद्दाम छोट्या मराठी प्रकाशकांची पुस्तकं घेतो, कवितासंग्रह, अनुवाद वगैरे, जी इथे दुकानात मिळायचा प्रश्नच नाही, मग प्रकाशकाला व्हॉट्सॲप करायचं, जीपे करायचं आणि पार्सलची वाट बघत बसायचं. वाचून झालं की गुडरीड्सवर चार ओळी टाकतो. आत्ता कन्नड कथांचा एक अनुवाद वाचला, कथा एक नंबर, अनुवादही मस्त वाहता आहे, पण प्रूफं कोणी बघितलीत की नाही देव जाणे, ऱ्हस्वदीर्घाची तर वाटच लागलीये आणि एका कथेत पात्राचं नाव मधेच बदलतं! हे लिहू का? दोन माणसांचं प्रकाशन आहे, अख्ख्या नेटवर या पुस्तकाबद्दल बहुतेक माझंच काय ते असेल. आणि तिथे मराठीत लिहिलेलं कोणी वाचतं का तरी?

मुद्राराक्षस:
मुद्राराक्षस म्हणजे छपाईतल्या चुका करणारा राक्षस, तेव्हा या आयडीमुळे पहिलं उत्तर माझंच :) एका छोट्या प्रकाशनात काम करतो, नाव राहू दे. लिही की, पण त्याआधी पान नंबरसकट यादी त्यांना मेल कर. पूर्वी हजाराची आवृत्ती असायची, आता आमच्याकडे पाचशे, कधीकधी तीनशेच छापतो, म्हणजे पुस्तक चाललं तर पुन्हा छापायची वेळ लवकर येते आणि तेव्हा फाइलमधे दुरुस्ती करायला काही लागत नाही. रिव्ह्यूत मात्र कुठली कथा का आवडली ते नीट लिही. 'अप्रतिम, संग्राह्य, प्रत्येकाने वाचावे' असल्या रिव्ह्यूने एक प्रत खपत नाही, उलट वाटतं लेखकाच्या भाच्याने लिहिलंय.
बाकी तू थेट मागवतोस ते बेस्ट. वितरकामार्फत गेलं की छापील किमतीतले चाळीस टक्के, कधी जास्तच, कमिशनमधे जातात आणि उरलेल्यात छपाई, लेखकाचं मानधन, गोडाऊन सगळं.

साभार_पोच:
पेपरला परीक्षणासाठी दोन प्रती पाठवायच्या आणि कित्येक महिन्यांनी 'साभार पोच'मधे, म्हणजे आलेल्या पुस्तकांच्या यादीत, एक ओळ आली तर आली, हे वर्षानुवर्षं चाललंय. 'ललित' 1964 पासून पुस्तकांबद्दलच निघतंय, पण एक मासिक कुठे कुठे पुरणार. म्हणून तुमच्या चार ओळींना किंमत आहे. गुडरीड्सवरची खरी पंचाईत म्हणजे मराठी पुस्तक सापडतच नाही, एकाच पुस्तकाच्या रोमन स्पेलिंगच्या तीन नोंदी नाहीतर एकही नाही. नसेल तर स्वतः टाका, शीर्षक देवनागरीत, आयएसबीएन मागच्या कव्हरवरून, आणि अनुवादकाचं नाव टाकाच, ते लोक हमखास गाळतात. पुस्तक गूगल करणाऱ्याला निदान काहीतरी दिसेल.

खडूस_काका:
मला हा प्रश्नच कळला नाही. पैसे मोजलेत ना पूर्ण? मग लिहा. छोटा प्रकाशक म्हणून सांभाळून घ्या हे म्हणजे त्यांना कच्चं लिंबू ठरवणं झालं. ग्रंथालीने 1974 ला वाचक चळवळ म्हणून सुरुवात केली, तेव्हा तेही काही मोठे नव्हते, 1978 ला त्यांनी दया पवारांचं 'बलुतं' काढलं ते लोकांनी कीव येऊन वाचलं का? एक स्टार कापा आणि का कापला ते लिहा.

मुद्राराक्षस:
काका स्टार कापा हो, पण तीनच रिव्ह्यू असले की एका स्टारने सरासरी धाडकन खाली येते आणि कारण वाचायला कोणी थांबत नाही. चुका शब्दांत लिहा, स्टार कथांना द्या, असं माझं मत.

खडूस_काका:
प्रूफं हा पुस्तकाचाच भाग असतो. असो.

वाचनालयवाली_ताई:
सगळे नेटवरच अडकलेत म्हणून लिहिते. मी तालुक्याच्या वाचनालयात आहे, आमच्याकडे मागणीची वही असते आणि तिच्यात कोणी काही लिहीतच नाही, लिहिलं तर तीच ती बेस्टसेलर नावं. सभासदाने पुस्तक, प्रकाशक, फोन नंबर लिहून दिला तर खरेदीच्या मीटिंगमधे मला बोलायला कारण मिळतं, नाहीतर जो विक्रेता जास्त सूट देतो त्याचाच गठ्ठा येतो. राज्यात सरकारमान्य ग्रंथालयं दहा हजाराच्या वर आहेत. ड वर्गवाल्यांचं, म्हणजे सगळ्यात छोट्या ग्रंथालयांचं, अनुदान तुटपुंजं आहे, मान्य, पण त्यातल्या शंभरांनी एकेक प्रत घेतली तरी पाचशेच्या आवृत्तीचा पाचवा हिस्सा उचलला गेला.

मुक्काम_हैदराबाद:
ताई हे डोक्यातच आलं नव्हतं, गावाकडच्या वाचनालयात आईचं सभासदत्व आहे, तिला वहीत लिहायला सांगतो. काका, स्टार चार देतोय, चुकांचा पॅरा वेगळा लिहितोय, प्रकाशकांना यादी पाठवली. एक राहिलं, कुरिअरला पुस्तकाच्या निम्मे पैसे जातात, त्यावर काही उपाय?

मुद्राराक्षस:
पुस्तकं स्वस्तात पाठवायची पोस्टाची सेवा, रजिस्टर्ड बुकपोस्ट, डिसेंबर 2024 मधे बंद झालं तेव्हा आम्ही कपाळाला हात लावला होता. मे 2025 पासून तिच्या जागी पोस्टाचं 'ज्ञान पोस्ट' आहे, 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, वर टॅक्स, ट्रॅकिंगही मिळतं. विमानाने जात नाही त्यामुळे हैदराबादला वेळ लागेल. ऑर्डर देताना त्यांना सांग ज्ञान पोस्टने पाठवा म्हणून, सगळ्यांना अजून माहीत नाही, आणि दोन-तीन पुस्तकं एकदमच मागव.