अंदाजपत्रकाचा ‘नमुना’ की ‘साचा’?

प्रश्न : आमच्या संस्थेतील सर्व प्रकल्पांची अंदाजपत्रके एकाच पद्धतीने मांडली जावीत, म्हणून लेखा विभागाने एक एक्सेल फाइल आखून दिली आहे. तीत खर्चाची शीर्षे, एकक, दर आणि संख्या यांचे रकाने असून बेरजेची सूत्रेही आधीच घातलेली आहेत. परिपत्रकात या ‘टेम्प्लेट’ला काय म्हणावे?

उत्तर : ‘साचा’ म्हणावे. ‘नमुना’ हा फारसीतून आलेला शब्द अधिक रुळलेला आहे खरा, पण तो दोन अर्थांनी चालतो आणि घोळ तिथेच होतो. ‘विहित नमुन्यात अर्ज करावा’ यातला नमुना म्हणजे आखून दिलेला कोरा कागद; गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून झालेला सातबारा याच अर्थाचा. ‘कापडाचा नमुना’ मात्र वानगीदाखल दाखवलेला असतो. मी पूर्वी ज्या संस्थेत होतो, तिथे ‘अंदाजपत्रकाचा नमुना’ म्हणून पाठवलेल्या फाइलमध्ये, भरणाऱ्याला कळावे एवढ्यासाठी, प्रवासखर्चापुढे १५,००० रुपये लिहिले होते. तीन प्रकल्पांची अंदाजपत्रके आली आणि तिन्हींत प्रवासखर्च १५,००० रुपयेच. त्यांतला एक प्रकल्प तर कार्यालयासमोरच्या वस्तीतला होता. भरणाऱ्यांना बोल कसा लावणार, त्यांनी नमुन्याबरहुकूम काम केले होते!

मूर्तिकार साच्यातून गणपती काढतो तेव्हा माती दरवेळी नवी असते आणि साचा तोच राहतो. मराठी विकिपीडियानेही टेम्प्लेटसाठी हाच शब्द घेतला आहे. ‘साचेबंद’ला निंदेचा वास येतो, ही तक्रार मला इथे लागू वाटत नाही, कारण एकाने ‘मानधन’ आणि दुसऱ्याने ‘पगार’ असे शीर्ष लिहिले की वर्षअखेरीस दोन प्रकल्पांचा खर्च शेजारी ठेवून पाहता येत नाही. शीर्षे साचेबंदच हवीत. ‘मसुदा’ मात्र नको, तो पुढे दुरुस्त होऊन पक्का व्हायचा असतो.

पुरवणी : ‘प्रकल्पाचा अर्थसंकल्प’ असेही कुणी लिहितात. अर्थसंकल्प राज्याचा किंवा महापालिकेचा शोभतो. एका कामाच्या अपेक्षित खर्चाला सार्वजनिक बांधकाम खात्यातही अंदाजपत्रकच म्हणतात. तेव्हा परिपत्रकात असे लिहिता येईल : ‘सोबत प्रकल्प अंदाजपत्रकाचा कोरा साचा व माहितीसाठी एक भरलेला नमुना जोडला आहे, नमुन्यातील रकमा उतरवून घेऊ नयेत.’