माळ्यावरच्या पोथ्या: नदीत सोडायच्या की ठेवायच्या?

कृष्णाकाठची
गावचा वाडा पाडायचाय. माळ्यावरच्या पेटीत रुमालात बांधलेली गुरुचरित्राची हस्तलिखित पोथी, शिळाप्रेसच्या (दगडावरून छापलेल्या) दोन-तीन पोथ्या आणि जुन्या पंचांगांचा गठ्ठा निघाला. काका म्हणतात, गुरुचरित्र छापील मिळतं, हे जीर्ण झालंय, कृष्णेत सोडून देऊ. मी एम.ए.ला इतिहास घेतलाय, तरी मला उत्तर देता आलं नाही. मजकूर तोच असेल तर ही प्रत ठेवून अभ्यासाला काय मिळतं?

रुमालवाला
सोडू नका. हस्तलिखितांच्या याद्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"मजकूर तोच" हे आधी गृहीत धरू नका. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे पोथ्यापोथ्यांतले फरक ताडून पाठ ठरवण्याचं, काम 1919 साली सुरू झालं आणि 1966 साली पुरं झालं. काश्मीरच्या शारदा लिपीतल्या पोथ्यांपासून केरळातल्या मल्याळम लिपीतल्या पोथ्यांपर्यंत सगळं श्लोकागणिक ताडून पाहायचं म्हटल्यावर एवढा काळ लागणारच.

आता समजा, तुमच्या पोथीत एका ओवीचाही फरक नाही. तरी शेवटचं पान बघा. बहुतेकदा तिथे शक, संवत्सर, तिथी असते, लिहिणाऱ्याचं नाव असतं, कधी कुणासाठी लिहिली तेही. शकात साधारण 78 मिळवले की इसवी सन येतो.

मग चौदावा आणि अठरावा अध्याय काढा. रोजच्या वाचनाची रीत या दोन अध्यायांची. मी पाहिलेल्या कितीतरी पोथ्यांत नेमक्या याच पानांचे कोपरे मळून काळपट झालेले, कुठे तेलाचा डाग, कुठे हळदीचं बोट उमटलेलं. शेजारची पानं मात्र करकरीत. घरात खरोखर काय वाचलं जायचं, याचा इतका सरळ पुरावा मला दुसरीकडे क्वचितच मिळाला आहे. छापील प्रत विकत आणाल, हे डाग कुठून आणाल?

देव्हाऱ्यापाशी
काकांवर रागावू नकोस गं. जीर्ण पोथीला कुणाचा पाय लागू नये म्हणूनच ती पाण्यात सोडतात. आमच्याकडेही तसंच करायचे. पण पोथी लिहिणारे शेवटी एक श्लोक घालत, तो तुझ्या पोथीत आहे का बघ: "तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेत् शिथिलबन्धनात्". तेलापासून राख, पाण्यापासून राख, असं पोथीच सांगतेय. काकांना तो वाचून दाखव.

कृष्णाकाठची
श्लोक आहे, आजी! काका गप्प झालेत, निदान दिवाळीपर्यंत. पण पंचांगांचं काय? त्यांच्या समासात बारीक अक्षरात लिहिलंय: गाय व्याली, जोंधळा उसना दिला, पाऊस लागला.

रुमालवाला
मग पोथीच्या आधी ती जपा! छापखानेवाल्या गणपत कृष्णाजींनी मुंबईत 1841 साली छापील पंचांग काढलं. पुढे घरोघरी दरसाल नवं पंचांग येऊ लागलं, आणि तारीख-तिथी आयतीच छापलेली असल्यामुळे लोक त्यातच घरच्या नोंदी करू लागले. पाऊस, उसनवारी, बाळंतपणं, सगळं तिथीवार. सरकारी दप्तरात हे सापडत नाही.

पानांचा क्रम बदलू नका. सेलोटेप, लॅमिनेशन अजिबात नको. प्रत्येक पानाचे पाठपोट फोटो काढा, कोरी वाटणारी पानंही सोडू नका. रुमालही ठेवा. द्यायचंच ठरलं तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा भांडारकर संस्थेत विचारा, पण यादी घरी करूनच जा. शक लागत नसेल तर शेवटच्या पानाचा फोटो इथे टाका, मी वाचून देतो.