लाटा रात्री निळ्या चमकतात, त्याचा सांडपाण्याशी संबंध आहे का?

देवगडकर: नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबईत जुहूला आणि कोकणात देवगडच्या बाजूला रात्री लाटा निळसर उजळल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हापासून हिवाळा आला की आमच्याकडे हा विषय निघतो. कोणी त्याला निसर्गाचा चमत्कार म्हणतो, तर कोणी शहरांच्या सांडपाण्याकडे बोट दाखवतो. हा प्रकाश नेमका कशाचा, आणि तो दिसला म्हणजे तिथली मासळी खाऊ नये असे समजावे का?

मीनाक्षी: आपल्याकडे हा प्रकाश बहुधा नॉक्टिल्युका सिंटिलान्स या एकपेशीय जीवाचा असतो. तो साधारण अर्धा मिलिमीटर व्यासाचा असल्यामुळे काचेच्या पेल्यात भिजलेल्या साबुदाण्याच्या कणीसारखा नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. लाट फुटली किंवा वल्हे पाण्यात पडले की पेशीला धक्का बसतो, तिच्या सूक्ष्म कणांतील आम्लता वाढते, आणि ल्युसिफेरिन या द्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊन क्षणभर निळा प्रकाश पडतो. म्हणूनच संथ पाणी काळे राहते आणि फुटती लाट तेवढी चमकते. असे प्रकाशणारे जीव समुद्रात फार पूर्वीपासून आहेत, त्यामुळे नुसती चमक हा प्रदूषणाचा पुरावा ठरत नाही.

खाडीकाठचा: सांडपाण्याला इतक्या सहज निर्दोष ठरवू नये, असे मला वाटते. त्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरसवर डायटम ही सूक्ष्म शैवाले वाढतात, आणि तीच नॉक्टिल्युकाचे आवडते खाद्य आहेत.

मीनाक्षी: खाडीच्या तोंडाशी तुमचा मुद्दा लागू पडतो. परंतु अरबी समुद्राच्या उत्तर भागात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास याच जीवाच्या हिरव्या प्रकाराचे जे प्रचंड थर पसरतात, ते कोणत्याही शहराच्या गटारापासून दूर, खुल्या समुद्रात असतात. हिवाळ्यात ईशान्येकडून येणाऱ्या थंड, कोरड्या वाऱ्यांनी पृष्ठभागाचे पाणी गार व जड होऊन खाली जाते आणि खालची पोषकद्रव्ये वर येतात. शिवाय या हिरव्या प्रकाराच्या पेशीत प्रोटोयुग्लिना (पूर्वीचे नाव पेडिनोमोनास) नावाचे शैवाल राहते, त्यामुळे त्याला शिकारीबरोबर प्रकाशसंश्लेषणाचाही आधार मिळतो. हिमालयावरील बर्फ घटल्याने हे वारे उबदार होत आहेत, त्यामुळे पोषकद्रव्ये पूर्वीपेक्षा कमी वर येतात, पण शैवालाचा आधार असल्याने हा जीव इतरांपेक्षा तग धरतो आणि म्हणून हे थर वाढले, असे काही संशोधक मांडतात. खालच्या थरांतील ऑक्सिजनच्या कमतरतेशी त्यांचा संबंध किती, यावर मात्र वाद आहे.

देवगडकर: आणि मासळीचे काय?

मीनाक्षी: नॉक्टिल्युका शिंपल्यांत साठणारी विषे तयार करणाऱ्यांपैकी मानला जात नाही, त्यामुळे चमक दिसली एवढ्यावरून ताजी पकडलेली मासळी टाकून देण्याचे कारण नाही. त्याच्या पेशीत अमोनिया साठतो, आणि दाट थर मरून कुजू लागला की पाण्यातील ऑक्सिजन संपतो; मासे मरतात ते प्रामुख्याने या दोन गोष्टींमुळे. तेव्हा दिवसा पाणी दाट हिरवे किंवा तांबूस दिसत असेल, तर तिथे मरून तरंगणारे मासे उचलू नयेत.